हरलेल्या माशाने पळावे कुठे?

प्रश्न : माझा मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि त्याचा फिश टँक माझ्याकडे आला. टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. तीत दोन टायगर ऑस्कर (एक १० इंचांचा, दुसरा ८ इंचांचा), एक फ्लॉवरहॉर्न आणि एक सकर आहे. ऑस्कर दीड वर्षापासून एकत्र आहेत. फ्लॉवरहॉर्न दिवाळीनंतर आणला, तेव्हा तो बोटभर होता. आता लहान ऑस्करएवढा झाला आहे. एप्रिलपासून तो त्या लहान ऑस्करला जगू देत नाही. बिचाऱ्याची शेपटी फाटली आहे, अंगावर गोल पांढरट डाग पडले आहेत, आणि तो दिवसभर फिल्टरच्या पाइपमागे तोंड वर करून उभा असतो. चार दिवसांपासून खातही नाही. दोन्ही ऑस्करही अधूनमधून एकमेकांचे तोंड धरून ओढतात. दुकानदार म्हणतो, आणखी चार मासे टाका, राग वाटला जाईल. शेजारच्या काकू म्हणतात, भूक भागत नसेल, चिकन वाढवा. माझे दीर म्हणतात, फुटाळा तलावात सोडून मोकळे व्हा. मुलगा म्हणतो, मी दिवाळीत येतो, तोवर काही करू नकोस. मी कोणाचे ऐकू?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, या चौघांपैकी कोणाचेही ऐकू नका, आणि दिवाळीची वाट तर मुळीच पाहू नका. अन्न सोडून कोपऱ्यात उभा राहिलेला मासा आठवडाभराचाही भरवसा देत नाही. म्हणून कारणांकडे नंतर वळू. आधी आज संध्याकाळी काय करायचे ते सांगतो.

साठेक लिटरचा प्लास्टिकचा टब किंवा ड्रम घ्या. त्याला साबण किंवा कपड्यांची पावडर कधीही लागलेली नसावी. तो टाकीतल्याच पाण्याने भरा आणि त्यात एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सोडा. एवढ्या मोठ्या माशाला जाळीने पकडू नये. परांचे काटे जाळीत अडकतात आणि सुटण्याच्या धडपडीत आधीच फाटलेली शेपटी आणखी चिरते. टाकीचा दिवा मालवून, घरातल्या कोणाला तरी मदतीला घेऊन, एक बादली पाण्यात आडवी धरावी, दुसऱ्याने हाताने हळूहळू माशाला तिच्याकडे वळवावे आणि पाण्यासकट उचलून टबात सोडावे. टबावर जाळी किंवा भोके असलेले झाकण हवेच, कारण घाबरलेला ऑस्कर उडी मारतो. दर लिटरला १ ग्रॅम या हिशेबाने खडेमीठ, म्हणजे साठ लिटरला ६० ग्रॅम, वेगळ्या भांड्यात विरघळवून तीन-चार तासांत थोडे थोडे टाकावे. रोज एक तृतीयांश पाणी बदलावे आणि मीठ फक्त बदललेल्या पाण्यापुरतेच घालावे. हा हिशेब चुकला की चार दिवसांत टब खारट होतो. पहिले दोन दिवस खायला देऊ नका, टब घरातल्या शांत आणि थंड कोपऱ्यात ठेवा, आणि दर तासाला डोकावून पाहण्याचा मोह आवरा.

फाटलेल्या शेपटीच्या कडेला आठवड्याभरात पारदर्शक, पातळ पापुद्र्यासारखी नवी वाढ दिसू लागली, तर जखम भरते आहे असे समजावे. कडेला कापसासारखे पांढरे पुंजके आले, तर ती बुरशी असते. परांच्या मुळाशी लाली चढली आणि रोज थोडी शेपटी झडू लागली, तर जंतुसंसर्ग झालेला असतो. अशा वेळी दुकानातून मिळेल ते अँटिबायोटिक आणून पाण्यात ओतू नये. महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आपल्या नागपुरातच आहे आणि त्याचे मत्स्यविज्ञान महाविद्यालयही याच शहरात आहे. तिथल्या जाणकारांना माशाचे स्पष्ट फोटो दाखवून विचारणे केव्हाही चांगले.

पत्रातला एक तपशील मात्र मला वेगळा वाटला. अंगावरचे गोल पांढरट डाग हे फ्लॉवरहॉर्नच्या चाव्याचे वाटत नाहीत. सिक्लिड (ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न दोन्ही याच कुळातले) चावतो तेव्हा पर फाटतात, खवले उडतात, ओठ सोलतात. पाठीवर किंवा कुशीवर गोल, खरवडल्यासारखा डाग पडतो तो बहुधा सकरमुळे. सकर मोठा झाला आणि टाकीत पुरेसे शेवाळ उरले नाही की तो रात्री मंदावलेल्या माशाच्या अंगाला चिकटून त्याच्या अंगावरचा चिकट थर खातो. खचलेला मासा त्याला झटकून टाकत नाही. म्हणजे आपल्या लहान ऑस्करवर दिवसा एक आणि रात्री दुसरा, असे दोघे तुटून पडत असावेत. दिवे मालवल्यावर तासाभराने मोबाइलच्या मंद उजेडात पाहा. खरेच तसे असेल, तर सकरलाही निरोप द्यावा लागेल. ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून तो गळ्यात मारला जातो, पण तो स्वतः दीड फुटापर्यंत वाढतो आणि जेवढे साफ करतो त्याहून जास्त घाण करतो.

आता कारणाकडे वळू. मोठ्या सिक्लिड माशांची भांडणे नदीतही होतात, आणि तिथे ती बहुतेक वेळा मोठी इजा न होता मिटतात. आधी रंग गडद होतो, अंगावरचे पट्टे उठून दिसू लागतात, कल्ल्यांची झाकणे फुगवून मासा आहे त्याहून मोठा दिसू पाहतो. मग दोघे बाजूला बाजू लावून शेपटीने एकमेकांवर पाण्याचा मारा करतात, आणि तेवढ्यावरही कोणी मागे हटले नाही, तर तोंडात तोंड धरून ओढाताण होते. ही सगळी ताकदीची मोजणी असते. ती झाली की हरलेला पर अंगाशी घेतो, फिका पडतो आणि निघून जातो. जिंकलेला थोडे अंतर त्याच्या मागे जातो आणि परत फिरतो, कारण त्याला आपला टापू हवा असतो, समोरच्याचा जीव घेण्यात त्याला रस नसतो. आपल्या टाकीत हा शेवटचा भाग घडूच शकत नाही. हरलेला पळतो, पण शेपटीच्या दोन फटक्यांत समोर काच येते. तो जिंकलेल्याच्या नजरेसमोरून हलत नाही, त्यामुळे जिंकलेल्याच्या लेखी भांडण संपलेलेच नसते आणि तो पुन्हा पुन्हा चालून जातो. फ्लॉवरहॉर्न दुष्ट आहे, असे आपल्या पत्रात सूचित होते. तसे काही नाही. त्याच्या प्रतिस्पर्ध्याला हार मान्य करून निघून जाता येत नाही, एवढीच अडचण आहे, आणि ती माशाच्या स्वभावात हात घालून सुटणारी नाही.

टाकीचा हिशेब करून पाहा. ४ × १.५ × १.५ फूट म्हणजे ९ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, म्हणजे काठोकाठ २५५ लिटर. खालचे खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात सव्वादोनशेच्या आसपास. ऑस्कर हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. तो फूटभर वाढतो आणि नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षे सहज जगतो. एका पूर्ण वाढलेल्या ऑस्करला २८० लिटर आणि जोडीला साडेचारशे लिटरच्या पुढे पाणी असावे, असा या छंदातला सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे आपली टाकी एका माशालाही थोडी कमीच पडते, आणि तीत आज चार मासे आहेत. दुकानात हे मासे दोन इंचांचे असताना विकले जातात, तेव्हा हा हिशेब कोणी मांडत नाही.

फ्लॉवरहॉर्नचे प्रकरण त्याहून अवघड आहे. हा मासा कोणत्याही नदीत मुळात नव्हताच. १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांच्या संकरातून तो तयार झाला. कपाळावरचा उंचवटा आणि अंगावरची नक्षी यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली, आणि त्याचबरोबर टापूवर हक्क सांगण्याचा मूळ सिक्लिडांचा स्वभावही त्याच्यात पुरेपूर उतरला. पिल्लू असताना तो गरीब वाटतो. पाच-सहा इंचांचा झाला, वयात आला, की संपूर्ण टाकी त्याला स्वतःची वाटू लागते. आपल्याकडे नेमके हेच एप्रिलमध्ये घडले. मोठी टाकी, दगडांचे आडोसे, दुरून ओळख करून देणे, असे उपाय इतर सिक्लिडांच्या बाबतीत कामी येतात. वयात आलेल्या फ्लॉवरहॉर्नच्या बाबतीत मी त्यांच्यावर विसंबणार नाही. तो एकटाच पाळायचा मासा आहे आणि एकटा असताना तो काचेबाहेरच्या माणसाशी जेवढा रमतो, तेवढे फार थोडे मासे रमतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, फ्लॉवरहॉर्न या टाकीतून कायमचा जावा. ‘दोन ऑस्कर का देऊ नयेत?’ असे मुलगा विचारेल. त्याचे उत्तर व्यवहाराचे आहे. सुदृढ, रंगदार फ्लॉवरहॉर्नला नागपुरात घर मिळते. लोक तो शुभ मानतात आणि हौसेने एकटाच पाळतात. पूर्ण वाढलेली ऑस्करची जोडी मात्र सहसा कोणी घेत नाही, आणि घेणारा भेटलाच तर त्याच्या टाकीत आधीच कोणी ना कोणी असते. ज्याला देणार त्याची टाकी एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. त्यात किमान अडीचशे लिटर पाणी असावे आणि दुसरा मासा नसावा.

घर सापडेपर्यंत टाकीत आडवा पडदा घालावा. भोके पाडलेली जाड अ‍ॅक्रिलिकची शीट टाकीच्या आतल्या रुंदीच्या मापाची कापून आणा, तळाशी खड्यांत रोवा आणि दोन्ही बाजूंनी घट्ट बसेल असे पाहा, कारण आठ इंचांचा फ्लॉवरहॉर्न सैल पडदा डोक्याने ढकलून पाडतो. मासे दिवसभर एकमेकांना पाहत राहिले तर शीटला तोंडे आपटून ओठ सोलून घेतात, तेव्हा खालचा अर्धा भाग पाण्यात विरघळणार नाही अशा अपारदर्शक प्लास्टिकने झाकावा. फिल्टरचे पाणी ओढणारे तोंड एका बाजूला आणि सोडणारे दुसऱ्या बाजूला ठेवले की दोन्ही कप्प्यांत पाणी फिरते.

हे सगळे एप्रिलपासूनच का सुरू झाले, याचे दुसरे कारण आपल्या शहराचा उन्हाळा आहे. माशाच्या अंगाचे तापमान पाण्याबरोबर चढते. पाणी २५ अंशांवर असताना त्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३३ अंशांवर तो ७.२ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे माशाची गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. शिवाय तापलेल्या पाण्यात माशांच्या मलमूत्रातला अमोनिया अधिक विषारी ठरतो. चवताळलेल्या माशाला अशा पाण्यात शांत होण्याचे काही कारण उरत नाही आणि मार खाणाऱ्याला सावरायला बळ उरत नाही.

ऑस्करला २४ ते २८ अंश मानवतात. ते साधण्यासाठी महागडा चिलर लागत नाही. नागपूरचा मे महिना कोरडा असतो आणि त्याच कोरडेपणावर आपले कूलर चालतात. टाकीचे झाकण काढून, वर जाळी पसरून, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा येईल असा छोटा टेबल फॅन लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि हा उपाय लंगडा पडतो, पण तोवर उष्माही ओसरलेला असतो. हिवाळ्यातला हीटर अजून जोडलेला असेल तर आधी तो काढा. अडकलेल्या थर्मोस्टॅटने उन्हाळ्यात कित्येक टाक्या उकडून निघतात. दुपारी पाणी फारच तापले, तर बर्फ झालेली बंद बाटली तरंगत ठेवावी, मात्र तासाला एका अंशापेक्षा जास्त उतार पडू देऊ नये.

पाणी बदलताना गच्चीवरच्या टाकीचे दुपारचे पाणी कधीही थेट वापरू नका; त्या पाण्याने हात पोळतो हे आपल्याला सांगायला नको. रात्री बादल्या भरून ठेवाव्या, त्यांत एअर पंप सोडावा, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीनही उडतो. घाई असेल तर अँटिक्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात टाकावे. दर रविवारी पाव ते एक तृतीयांश, म्हणजे साठ-सत्तर लिटर पाणी बदलले पाहिजे. पंख्यामुळे पातळी घटते म्हणून नुसती भर घालत राहिलात, तर क्षार आणि घाण आतच साठत जातात. ते पाणी बदलणे नव्हे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, काढलेल्या टाकीच्या पाण्यातच पिळा, कारण त्यातले उपयोगी जिवाणू क्लोरीनने मरतात. थेंब टाकून तपासण्याचे किट बाजारात मिळते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत, एवढे आकडे लक्षात ठेवले तरी पुरे.

दुकानदाराचा सल्ला अगदी हवेतला नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले चार-पाच इंचांचे सिक्लिड मुद्दाम दाटीत ठेवतात, म्हणजे मारकुट्या माशाला एकच सावज धरून बसता येत नाही. पण ती लहान चणीची जात आहे आणि त्यासाठी फिल्टर दणकट लागतो. दहा इंचांच्या माशांच्या टाकीत हाच प्रयोग केला, तर राग वाटला जाण्याआधी अमोनियाच सगळ्यांना वाटला जाईल.

काकूंच्या चिकनबद्दल थोडक्यात सांगतो. टापूचे भांडण भुकेने होत नाही आणि पोट भरल्याने मिटतही नाही. कोंबडीची किंवा जनावराची चरबी या माशांना नीट पचत नाही, उरलेले तुकडे पाणी मात्र नासवतात. चांगल्या प्रतीचे मोठे दाणे दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपतील एवढेच द्या, आणि टाकीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी टाका. जिवंत मासे खाऊ घालू नका. त्यांच्याबरोबर रोग येतात.

दोन ऑस्करची तोंड-ओढाताण मला तेवढी गंभीर वाटत नाही. ऑस्करमध्ये नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत, आणि जोडी जमण्याआधीही ते असेच एकमेकांना आजमावतात. पुढे दोघे मिळून एखादा सपाट दगड तोंडाने घासून साफ करू लागले, तर ती जोडी आहे असे समजा; त्या दगडावर हजारावर अंडी चिकटलेली दिसली तरी दचकू नका, मात्र तेव्हा टाकीत तिसरा मासा असता कामा नये. जोडी नसेल आणि फक्त ज्येष्ठ-कनिष्ठ ठरत असेल, तर आडोसे उपयोगी पडतात. दोन-तीन मोठे दगड तळाच्या काचेवरच पक्के टेकवून ठेवा. खड्यांवर ठेवले तर ऑस्कर खालचे खडे उकरतो आणि दगड काचेवर कोसळतो. माठाचे अर्धे केलेले तुकडे किंवा रुंद पीव्हीसी पाइपही चालेल. एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशाला सरळ दिसता कामा नये, एवढे साधले की काम झाले.

बरा झालेला लहान ऑस्कर टाकीत परत आणाल तेव्हा मोठा त्याला परकाच समजेल, ओळख ठेवणार नाही. म्हणून त्या दिवशी सगळ्या दगडांच्या जागा बदला, म्हणजे मोठ्याचे ठरलेले टापूही मोडतात. आठवडाभर मध्ये पडदा राहू द्या आणि सुटीच्या दिवशी, घरात कोणी लक्ष ठेवायला असेल तेव्हाच, तो काढा. मोठा पाठलाग करून थांबत असेल आणि लहान मासा खायला पुढे येत असेल, तर चालू द्या. लहान पुन्हा वरच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि दोन जेवणे चुकली, तर पडदा परत घाला आणि दोघांना कायमचे वेगळे करण्याची तयारी ठेवा. जागा हलवल्यावर ऑस्कर रुसून तळाला आडवा पडतो. दुसऱ्या दिवशी उठून खाऊ लागला, तर त्यात काळजीचे काही नसते.

दिरांना मात्र ठामपणे नाही म्हणा. फुटाळ्यात सोडलेला फ्लॉवरहॉर्न एक तर उपासमारीने आणि थंडीत कुडकुडून मरेल, नाही तर तगून तिथल्या माशांची पिल्ले खाईल. सकरच्या बाबतीत तर शंकेलाही जागा नाही. लोकांनी सोडलेल्या टाकीतल्या सकरांनी देशातल्या कितीतरी तळ्यांत आणि नद्यांत बस्तान बसवले आहे आणि तिथल्या मासेमारांच्या जाळ्यात आता तेच येतात.

राहिला मुलगा. मुलांचे छंद आणि आयांची देखभाल ही वाटणी आपल्याकडे जुनीच आहे, पण निर्णय ज्याच्या हाताला पाणी लागते त्याचा असावा. त्याला आजच फोन करून सांगा की फ्लॉवरहॉर्न जातो आहे. दिवाळीत येऊन त्याला तो परत हवाच असेल, तर वेगळी ४ फुटांची टाकी, वेगळा स्टँड आणि वेगळा फिल्टर लागेल. आणि सगळे एकत्रच ठेवायचा हट्ट असेल, तर ६ × २ × २ फुटांच्या टाकीतही मी फ्लॉवरहॉर्न सोडणार नाही, शिवाय तिचे नुसते पाणीच ६८० किलोचे होते, तेव्हा आधी घराच्या स्लॅबबद्दल अभियंत्याला विचारावे लागेल. त्या दुसऱ्या टाकीचे पाणी दर रविवारी कोण बदलणार, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.